वानर-माकडांपासून बाग आणि भाजीपाला कसा राखावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कितीतरी घरांनी वायंगणी (भातानंतर त्याच शेतात घेतलेली) चवळी, भुईमूग, परसातली केळी लावणेच सोडून दिले आहे. पीक सोडण्याआधी पुढची कामे एकत्र करून पाहा. एकच उपाय धरला तर कळप थोड्याच दिवसांत त्याला सरावतो.

आधी येतो कोण ते ओळखा. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर कोवळी पाने, मोहोर, शेंगा खातो आणि बहुतेकदा झाडावरून झाडावर येतो. लाल तोंडाचे माकड गालाच्या पिशव्या भरून पळते, त्याला दोन मिनिटेही पुरतात.

मग ते कुठल्या वाटेने येतात ते पाहून ठेवा. वानराची आडवी उडी साडेचार मीटरपर्यंत जाते. बागेवर झुकलेल्या फांद्या छाटून निदान तेवढे अंतर मोकळे करा. झाड शेजाऱ्याचे असेल तर आधी त्याला विचारा.

खरी भिस्त राखणीवर. सकाळी आणि दुपार कलल्यावर कळप जास्त खातात, तेव्हा माणूस बागेत हवा. ते आत शिरण्याची वाट न पाहता, कडेच्या झाडावर दिसताच हुसकवा. डबे, कुत्रा, गोफण यांची अदलाबदल करा, बुजगावण्याची जागाही बदला. तुम्ही हाकललेला कळप पुढच्या बागेत जातो, म्हणून वाडीने मिळून राखणीच्या पाळ्या लावाव्यात. माझ्या मते हे सगळ्यात मोलाचे काम आहे, आणि तेच सगळ्यात कमी होते. मोठा आवाज काढणाऱ्या कार्बाइडच्या पाइप बंदुका टाळा, त्यांनी डोळे जातात.

पैसे असतील तर सौर झटका कुंपण घाला. हवेतून उडी मारून तारेवर बसलेल्या माकडाचा जमिनीशी संबंध नसतो, त्यामुळे त्याला झटका बसत नाही. म्हणून एक तार झटक्याची, एक अर्थिंगची (जमिनीला जोडलेली) अशी आलटूनपालटून घ्या. तारांना टेकलेले गवत कापत राहा. घरच्या विजेचा प्रवाह तारेत कधीही सोडू नका, माणसे मरतात.

जंगलाकडच्या ओळींत माकडे सहसा न खाणारी हळद, आले, सुरण लावा. केळी, शेंगा घराजवळ ठेवा.

विष, फास, बंदूक यांचा विचारही नको, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आड येतो. नुकसान झाले की भरपाईसाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत खाल्लेली फळे, मोडलेल्या फांद्या तशाच राहू द्या. जागा आणि तारीख कळेल असे फोटो काढा, सातबारा जोडा. माहितीसाठी वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. दर नुकसानीला नवा अर्ज करा, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.