इंग्रजीचे काळ: आधी आपलं 'करून राहिलो' ऐका

बारा काळांचा तक्ता पाठ करून इंग्रजी बोलायला लागलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तक्ता मिटून ठेवा. नागपूरकराच्या तोंडात अर्धं काम आधीच झालेलं असतं.

पहिली पायरी: 'राहिलो' शोधा. 'मी रोज बर्डीला जातो' म्हणजे 'आय गो'. फोनवर सांगतो ते 'बर्डीला जाऊन राहिलो' म्हणजे 'आय ॲम गोइंग'. पुणेकराचं 'जातोय' घाईत 'जातो'सारखंच ऐकू येतं. आपलं 'राहिलो' ठणठणीत वेगळं. 'काय करून राहिला बे?' याचं सरळ 'व्हॉट आर यू डुइंग?' होतं. फक्त नो, अंडरस्टँड, वाँट, लाइक अशा मनातल्या क्रियापदांना हा नियम लावू नका. 'समजून राहिलं' असलं तरी 'आय अंडरस्टँड'च.

दुसरी पायरी 'होतो'ची, आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच घसरतात. 'काल फुटाळ्याला गेलो होतो' याचं 'आय हॅड गॉन' करू नका. 'आय वेन्ट टू फुटाळा येस्टरडे' एवढंच. 'हॅड'ला मागे-पुढे घडलेल्या दोन गोष्टी लागतात, आणि ते आधीच्या गोष्टीला चिकटतं: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' गाडी आधी सुटली, आपण नंतर पोचलो.

मग वेळेचा शब्द बघा. येस्टरडे, लास्ट वीक किंवा साल दिसलं की साधा भूतकाळ: 'डॉ. आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर इन १९५६.' इथं 'हॅज' चालत नाही. वेळ सांगितलेली नाही आणि परिणाम आत्ताही आहे, तेव्हा 'हॅव': 'आय हॅव लॉस्ट माय की', म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही.

'पासून' आलं की सावध व्हा. नागपूरची मेट्रो २०१९ पासून धावून राहिली, म्हणून 'इज रनिंग सिन्स' म्हणावंसं वाटतं. बरोबर आहे 'द मेट्रो हॅज बीन रनिंग सिन्स २०१९'. सुरुवात सांगायची तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर': 'फॉर टेन इयर्स'.

राहिला भविष्यकाळ. 'उद्या येतो' याचं 'आय विल कम'. येणं आधीच ठरलं असेल तर 'आय ॲम कमिंग टुमारो'. आणि आईनं जेवायला हाक मारल्यावर आपण जागचे न हलता 'आलो!' म्हणतो ना, त्याचंही 'आय ॲम कमिंग'च. 'आय केम' म्हणाल, तर समोरचा तुम्हाला ताटावर शोधेल.