सहाय्यक लोकअभिरक्षक म्हणून रुजू होताय? धुळ्याहून काही सांगायचंय

सनद मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा मी धुळे जिल्ह्यात सहाय्यक लोकअभिरक्षक, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची मोफत वकील, म्हणून लागले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेत या पदाला शून्य ते तीन वर्षांची वकिली चालते, म्हणून नव्या पोरापोरींना ही वाट खुली आहे. निवड जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून होते. काम पूर्णवेळ असतं, खासगी वकीलपत्र घेता येत नाही. एवढं आधी मनाशी पक्कं करा. अर्ज कसा भरायचा ते कुणीही सांगेल. रुजू झाल्यावर काय करायचं ते मी सांगते.

सुरुवात बहुतेक रिमांडपासूनच होते, म्हणजे अटक केलेल्याला कोठडीसाठी न्यायाधीशांसमोर आणतात तिथून. हातात एफआयआर आणि रिमांडचा अर्ज पडतो, वेळ दहा मिनिटं. कागदाआधी माणसाशी बोला. साक्री-शिंदखेड्याकडचा असेल तर अहिराणीत विचारा, ‘जेवण जयं का? घर कोन कोन शे?’ मी साक्री तालुक्यातलीच, त्यामुळे मला हे सोपं गेलं. शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातला पावरा आदिवासी माणूस असेल तर मात्र त्याला आपली मराठी कळतेच असं धरून चालू नका. पावरी मला येत नाही. मी सोबत आलेल्या नातेवाइकांत शिकलेलं पोर शोधते आणि त्याला मध्ये उभं करते. हे काम पोलिसावर सोपवू नका, तो कितीही भला असला तरी.

घाबरलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. ‘गुन्हा कबूल आहे का?’ यालाही. म्हणून मी उलटसुलट विचारते. ‘त्या रात्री गावात होतास?’ हो. ‘म्हणजे गावात नव्हतास ना?’ हो. असं झालं की समजायचं, प्रश्न पोचलेलाच नाही. अशा वेळी न्यायाधीशांसमोर उभं राहून तेवढंच सांगायचं, की याला भाषा कळत नाही. अटकेची कारणं त्याला लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत मिळाली का, हेही तिथेच विचारा. जागेवर देणं शक्य नसेल तर रिमांडला उभं करण्याच्या निदान दोन तास आधी ती मिळायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं आहे.

‘अटक कधी झाली?’ असं विचारलं तर कागदावरचीच तारीख परत येते. ‘घरून कधी उचललं?’ असं विचारा. तारीख सांगता येत नसेल तर बाजाराचा दिवस धरा: बाजाराच्या आधी की नंतर, अंधार पडला होता का, कोण बघत होतं. अटकेपासून चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर आणलं का, याचा हिशेब यातूनच लागतो.

नातेवाइकांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला पळवू नका. कोठडीतला माणूस, कुठलीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार उत्पन्न न पाहता वकील मिळतो. आणि पहिल्याच भेटीत सांगा, आम्हाला एक रुपयाही द्यायचा नाही, आमच्या नावावर कुणी मागितला तरी द्यायचा नाही.

आता जामीन. इथे मी चुकले, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्याच वर्षी विहिरीवरची मोटर चोरल्याचा एक खटला माझ्याकडे होता. आरोपी बावीस वर्षांचा, शिरपूरच्या डोंगरातला. पंधरा हजारांच्या जामीनदारावर जामीन झाला. मी फाइलवर ‘जामीन मंजूर’ लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. एक्केचाळीस दिवसांनी कारागृहाच्या भेटीत तो समोर बसला होता. ‘ताई, माझी तारीख कधी?’ जामीन झालाय हे त्याला ठाऊकच नव्हतं. बापाकडे सातबारा नाही, वनपट्टा, म्हणजे वनहक्क कायद्याखाली मिळालेली वनजमीन. तो विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, म्हणून जामीनदारीला बहुधा चालत नाही. मामाची जमीन होती, पण सेंधव्याला, म्हणजे मध्य प्रदेशात.

हे सगळं मला अर्ज लिहितानाच विचारता आलं असतं. आता मी अर्जातच लिहिते: जमीन कोणती, रेशनकार्ड कोणतं, मजुरी किती. आधी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडायची विनंती करते. ते झालं नाही तर तात्पुरता रोख जामीन आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत मागते. रक्कम झेपत नसेल तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 484 खाली कमी करून मागते. परजिल्ह्यातला जामीनदार नाकारला तर 1978 चा मोतीराम निकाल पुढे ठेवा. तिथे गवंडी असलेल्या आरोपीच्या भावाचा जामीन तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं.

गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर त्याच संहितेच्या कलम 478 मध्ये तो माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडायची तरतूद आहे. बाकी गुन्ह्यांतही, जामीन होऊन महिना उलटला तरी माणूस आतच असेल तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2023 चा आदेश सांगतो. पण कुणीतरी ते न्यायालयाच्या नजरेला आणून द्यावं लागतं. त्यासाठी मी वही ठेवली आहे: आदेशाची तारीख, सुटल्याची तारीख, मधला अडथळा. दर सोमवारी ती उघडते. त्याच वहीत दोषारोपपत्राचे साठ किंवा नव्वद दिवसही मोजते; तेवढ्यात ते आलं नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण मुदत संपल्यावर दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज पडला नाही, तर तो हक्क हातचा जातो.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांपासून पक्षकाराला लांब ठेवा. कागद खोटे निघाले की नवा गुन्हा अंगावर येतो.

रोख रक्कम घरचे कुठून आणतात हेही विचारा. बोकड विकतात, नाहीतर मुकादमाकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतात. उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर जावंच लागतं. मग तारीख चुकते, अजामीनपात्र वॉरंट निघतं, आणि पोरगा पुन्हा आत. आपण त्याला फरार म्हणतो, तो फडात असतो. म्हणून सुटतानाच मुकादमाचा मोबाईल नंबर घ्या, हजेरी माफीचा अर्ज त्याच संहितेच्या कलम 355 खाली वेळेवर टाका, आणि हजर राहणं अटळ असेल ती तारीख शक्यतो आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढची मागून घ्या. कारण सांगितलं तर न्यायाधीश ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

मोटरवाल्या पोराचा खटला अजून चालू आहे. त्याच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मी दोन नंबर लिहिलेत, एक मुकादमाचा, एक त्याच्या शाळेत जाणाऱ्या बहिणीचा. तारखेच्या चार दिवस आधी मी बहिणीला फोन करते, ती त्याला पावरीत सांगते.