सुट्टीत नगरचं रणगाडा संग्रहालय कसं पाहावं: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडच्या कितीतरी गाड्या शिर्डीचं दर्शन घेऊन तिथूनच माघारी फिरतात. तसंच ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर पुढे गेलं की नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने (रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्राने) १९९४ मध्ये उभारलेलं रणगाडा संग्रहालय तिथे आहे.

आधी महिना ठरवा. बरेचसे रणगाडे उघड्यावर आहेत. मे महिन्यात पोरांना नेलंत तर ती सावलीच शोधत बसतील. दिवाळी ते संक्रांत उत्तम. सुट्टीच्या दिवशीची वेळ फोनवर विचारून घ्या. परिसर लष्कराचा, तेव्हा आधार कार्ड जवळ असू द्या.

धुळ्याहून मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी, राहुरी असा रस्ता. जोडून सुट्ट्या असतील तर शिर्डीची गर्दी टाळायला पहाटेच निघा. भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट नगरला जाते. पोहोचायची वेळ बघूनच मुक्काम ठरवा. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

खरी तयारी मात्र आदल्या रात्रीची. मुलांना असल उत्तरची लढाई सांगा, नाहीतर त्यांना नुसतं लोखंड दिसेल. सप्टेंबर १९६५, पंजाबातलं खेमकरण. पाकिस्तानकडे अमेरिकी पॅटन रणगाडे. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं आणि उसाच्या आडोशाने दबा धरला. पॅटन चिखलात रुतले. पावसाळ्यात काळ्या मातीत फसलेला ट्रॅक्टर ज्याने ढकललाय, त्याला पुढचं सांगायला नको. आपले हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन फोडले आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आत गेलात की सरळ पॅटनपाशी जा. मग सेंच्युरियन: १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे अरुण खेत्रपाल याच जातीच्या रणगाड्यातून लढले. वय अवघं २१. रणगाडा पेटला तरी त्यांनी तो सोडला नाही. त्यानंतर चेन्नईजवळच्या आवडी कारखान्यात बनलेला विजयंता. शेवटी रोल्स-रॉईसची चिलखती गाडी; मोठी माणसंही तिथेच जास्त रेंगाळतात.

सगळ्या पाट्या वाचायचा हट्ट नको, हे तीनच रणगाडे नीट बघा. प्रत्येकाची तोफेची नळी, पट्टे आणि पुढच्या पोलादाचा उतार पाहा. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची, विजयंताची १०५. पट्टा रुंद असेल तर वजन जास्त जागेत पसरतं. तिरक्या पोलादात गोळ्याला जास्त अंतर कापावं लागतं, कधी तो घसरूनही जातो. मुलांना वर चढू देऊ नका, फोटोसाठीसुद्धा.

दोन तास पुरतात. वेळ उरलाच तर भुईकोट किल्ला गाठा. पंडित नेहरू १९४२ ते १९४५ तिथे कैदेत होते. पण परतताना दिवसाउजेडी राहुरी ओलांडा. हिवाळ्यात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात आणि अनेकींना मागे दिवाच नसतो.