कुत्र्याच्या जंताची ओळख मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून कशी पटवावी

परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन करताना कुत्र्याच्या आतड्यात जंत आढळले, तर ते सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकू नयेत. फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो, म्हणून जंत सलाइनने धुऊन ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावेत आणि गाव, तारीख व यजमान प्राणी यांची नोंद शिसपेन्सिलीने कागदावर लिहून ती बाटलीच्या आत घालावी. इथेनॉल सांडले की शाई पुसली जाते. मेंढ्यांच्या कळपाबरोबर फिरणाऱ्या कुत्र्यात एकिनोकॉकस या पट्टकृमीची (फितीसारख्या चपट्या जंताची) शंका नेहमीच धरावी. त्याची अंडी इथेनॉलमध्येही जिवंत राहू शकतात आणि माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात हायडॅटिड पुटी (द्रवाने भरलेली गाठ) होते, म्हणून आतडे उघडण्याआधी आठवडाभर उणे ८० अंश सेल्सिअसवर गोठवणे मला अपरिहार्य वाटते.

अंकुशकृमीचे (हुकवर्म या गोलकृमीचे) डोके पुराव्यासाठी वेगळे जपावे, कारण तोंडातील दातांच्या तीन जोड्या अँकिलोस्टोमा कॅनिनम या कुत्र्यातील अंकुशकृमीच्या जातीची खूण आहे. डीएनए उरलेल्या शरीरातून काढावा; मात्र जंताच्या आतड्यात कुत्र्याचे रक्त असते, त्यामुळे प्रायमर (कोणता भाग वाढवायचा हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) कृमींसाठीच तयार केलेले निवडावेत.

मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतील ऊर्जाकेंद्राचा) जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वर्तुळाकार आणि लहान असतो, अंकुशकृमीत तो सुमारे १३,७०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आहे, आणि पेशीत त्याच्या अनेक प्रती असल्याने जुन्या नमुन्यातूनही तो सहसा मिळतो. पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) मायटोकॉन्ड्रियातील कॉक्स-१ जनुकाचा तुकडा वाढवून दोन्ही दिशांनी सिक्वेन्सिंग करावे, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचावा.

यानंतरच्या पायरीला पुरेसा वेळ द्यावा. मिळालेल्या क्रमाचे प्रथिनात भाषांतर करताना सर्वसाधारण कोड वापरला, तर टीजीए हा कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) जनुकाच्या मध्येच थांबा दाखवतो, परंतु या कृमींच्या मायटोकॉन्ड्रियात त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असा होतो. भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये गोलकृमींसाठी जनुकीय कोडचा तक्ता क्रमांक ५ आणि पट्टकृमींसाठी ९ निवडावा. तक्ता ९ मध्ये एएए म्हणजे लायसिन नसून अ‍ॅस्पॅराजिन. योग्य तक्ता लावूनही मध्ये थांबा आलाच, तर क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंगचा मूळ आलेख) पुन्हा तपासावा किंवा केंद्रकात शिरलेली मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाची प्रत वाचली गेली असावी, असा संशय घ्यावा.

एकिनोकॉकसच्या जी-१ आणि जी-३ या जवळच्या जनुकप्रकारांत केवळ छोट्या कॉक्स-१ तुकड्यावरून खात्रीने फरक करता येत नाही. मायटोकॉन्ड्रियातीलच नॅड-५ जनुक त्यासाठी अधिक उपयुक्त ठरते. शिवाय मायटोकॉन्ड्रिया मातेकडूनच येत असल्याने संकराची शक्यता वाटल्यास केंद्रकातील जनुकही वाचावे.