एटीव्हीला स्पेसर लावायचाय? आधी ॲक्सलवर किती लोड वाढेल ते मोजा

एटीव्ही म्हणजे खडबडीत वाटेवरची चारचाकी बाइक, आणि स्पेसर म्हणजे हब (चाक जिथे बसतं तो भाग) आणि रिमच्या मधे बसवायचा, चाक बाहेर सरकवणारा जाड तुकडा. स्पेसरने ॲक्सल तुटतो त्यापेक्षा ऑफसेटवाली (चाक बाहेर काढणारी) रिम घ्या, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण टायरचा मध्य रिमने १ इंच बाहेर काढा नाहीतर स्पेसरने, वाकवणारा जोर सारखाच वाढतो. स्पेसरमुळे नट-बोल्टचा एक जोड आणि थोडं वजन तेवढं जास्तीचं येतं.

पहिल्यांदा मागचा ॲक्सल कसला आहे ते बघा. यामाहा रॅप्टर ७०० ला मागे एकच सरळ दांडा असतो, बेअरिंग मधे आणि चाकं टोकांना, म्हणजे वजन दांडाच झेलतो आणि वाकतोही तोच. पोलारिस स्पोर्ट्समनला इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होतात), तिथे शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन नकलमधल्या (हब धरून ठेवणाऱ्या भागातल्या) बेअरिंगवर येतं.

मग मोजमाप. चाक काढून बाहेरची बाजू खाली करून ठेवा, रिमच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि तिथून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर घ्या (टायर चढलेला असेल तर पट्टी त्याच्या फुगवट्यावर टेकते, तेवढं वजा करा). नवीन रिमचंही तसंच घ्या. रिमचं माप ५+२ म्हणजे हबला टेकणाऱ्या भागापासून आत ५ इंच, बाहेर २. त्याजागी ४+३ घेतली की चाक १ इंच बाहेर गेलं, वर १ इंचाचा स्पेसर टाकला की झाले २ इंच, आणि ही बेरीज कोणी करतच नाही!

आता हिशोब. समजा सरळ दांड्यात बेअरिंगपासून टायरच्या मध्यापर्यंत ३० सेंमी आहेत, ५ सेंमी वाढले की ३५, म्हणजे जोर साधारण १७ टक्के जास्त. इंडिपेंडंटमध्ये तेच अंतर २ सेंमी धरलं तर ७ होतं, साडेतीनपट! म्हणून तिथे शाफ्ट शाबूत राहतो पण बेअरिंग आणि बॉल जॉइंट (नकल सस्पेन्शनला जोडणारा गोल सांधा) लवकर जातात. हा उभ्या गाडीचा हिशोब झाला, उडी मारून आपटली की वजनच कितीतरी पट होतं. पीळ मात्र स्पेसरने वाढत नाही, तो मोठ्या टायरने वाढतो.

माझ्या मते दर बाजूला एकूण १ इंचाच्या पुढे जाऊच नये, उतारावर स्थिर वाटायला तेवढं पुरतं.

बसवताना बोल्ट-ऑन स्पेसरच घ्या, तो हबला वेगळा आवळतात आणि चाकासाठी त्याचे स्वतःचे स्टड (नट बसायचे आटेदार दांडे) असतात. नुसती चकती सरकवली की नटला हबच्या स्टडचे आटे कमी मिळतात. बोल्ट पॅटर्न जुळवा, स्पोर्ट्समनचा ४×१५६ (४ बोल्ट, १५६ मिमीच्या वर्तुळावर) असतो, बऱ्याच होंडा-यामाहांचा ४×११०. हबवरचा गंज, चिखल वायर ब्रशने पार काढा, खडा राहिला तर स्पेसर तिरका बसतो आणि नट ढिले होत राहतात. नट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा, आणि पहिल्या राइडनंतर स्पेसरचे आणि चाकाचे, दोन्ही नट परत तपासा.

पुढे अधूनमधून जॅकवर उचलून टायर वर-खाली धरून हलवा, डगमगलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट बघा. सरळ ॲक्सलवाल्यांनी चाक फिरवून हबजवळ पेन्सिल स्थिर धरावी, फट कमी-जास्त होत असेल तर दांडा वाकलाय, स्पेसर काढा आणि आधी ॲक्सल बदला.