नागपुरात कोंबुचा लावायचा तर आधी गारव्याची सोय करा

घरी बीअर करायची हौस खूप जणांना असते, पण परवान्याशिवाय ते आपल्याकडे चालत नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, म्हणून आपला कोंबुचा बरा, म्हणजे साखर घातलेला चहा आंबवून केलेलं पेय. टेम्परेचर सांभाळायच्या बीअरवाल्यांच्या युक्त्या मात्र इथेही चालतात, आणि नागपुरात तर चहा-साखरेपेक्षा त्याचीच तयारी जास्त.

पहिले थर्मामीटर आणा, अक्वेरियमच्या दुकानात काचेवर चिकटवायची पट्टी मिळते ती पुरते. खोलीत किती आहे ते सोडा, बरणीतला चहा २४ ते २९ डिग्रीत राहिला पाहिजे. ३२-३३ च्या वर गेला की भराभर आंबतो आणि यीस्टचा वास मारतो, आणि २० च्या खाली आंबटपणा यायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात बुरशी बसते. बऱ्याच पट्ट्या ३४ च्या वर दाखवतच नाहीत, मे महिन्यात कोरी दिसली तर पट्टी खराब नाही, चहा तापला आहे.

मग बरणी. काचेचीच घ्या, इतवारीत ३ लिटरची सहज मिळते. तांबं-पितळ-अ‍ॅल्युमिनियम नको, जुनी चिनी मातीची पण नको, आंबट पदार्थाने तिच्या चकाकीतलं शिसं सुटू शकतं.

आता उन्हाळ्याचं सांगतो, कारण खरी मारामारी तिथेच आहे. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ गेलं होतं, तेव्हा 'घरातली थंड जागा' वगैरे काही नसतं. एक मोठा प्लास्टिकचा टब, त्यात बरणीच्या अर्ध्यापर्यंत पाणी, बरणीला जुनं सुती फडकं किंवा पोत्याचा तुकडा असा गुंडाळायचा की खालचं टोक पाण्यात बुडेल, आणि समोर टेबल फॅन. माठ जसा गार होतो तसंच हे, हवा कोरडी असली की ८-१० डिग्री आरामात उतरतात आणि लाइट गेली तरी टबातलं पाणी लगेच तापत नाही, शिवाय मुंग्या बरणीपर्यंत पोचत नाहीत ते वेगळंच. बरणीचं तोंड मात्र कोरडं ठेवा, वरचं कापड ओलं झालं की हवा अडते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, एवढ्यानेही भागत नाही, म्हणून पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ एकेक टबात सोडा, चार असल्या की फेरा नीट चालतो. कूलरच्या खोलीत ठेवलं तर उत्तमच, फक्त थेट झोतात नको, ताट्यांची धूळ आणि कुबट वास सगळा कापडावर येतो.

पावसाळ्यात ओल्या फडक्याचा काही उपयोग नाही, हवेतच पाणी भरलंय तर सुकणार काय. पण तेव्हा चहा असाही २७-३० ला असतो. तेव्हाची तयारी म्हणजे चिलटांची: जाळीदार मलमल नको, दाट विणीचा जुना रुमाल आणि घट्ट रबर. वर हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर स्कोबीसकट (चहा आंबवणारी जिवाणू-यीस्टची जाड साय) सगळं फेकायचं, वरवर काढून वाचवत बसायचं नाही.

हिवाळा लोक विसरतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्या आसपास उतरतं, २०१८ च्या डिसेंबरात तर ३.५ झालं होतं. तेव्हा त्याच टबात अक्वेरियमचा हीटर २६ वर लावा, बरणीत नाही, टबात, आणि पाण्याबाहेर काढायच्या आधी प्लग काढा.

लावायच्या दिवशी लिटरमागे ७० ग्रॅम साखर, ५-६ ग्रॅम चहा, आणि आधीच्या बॅचचं आंबट पाणी, म्हणजे तयार कोंबुचा, कमीत कमी दहावा हिस्सा, हिवाळ्यात थोडं जास्तच. चहा ३० च्या खाली आल्याशिवाय स्कोबी टाकू नका. अर्ध्या पाण्यात कडक करून उरलेलं उकळून गार केलेलं पाणी घातलं तर थांबावं लागत नाही. उन्हाळ्यात पाचव्या दिवसापासून चव बघा, हिवाळ्यात दोन आठवडे धरून चाला.

शेवटी चव जमली की गॅस धरायला बाटल्या, जाड काचेच्या, सोड्याच्या असतात तशा. संत्र्याचा रस घालणार असाल (आपल्याकडे आंबिया आणि मृग दोन्ही बहार आहेत, घालणारच) तर सोबत एक प्लास्टिकची बाटली पण भरा, ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये, मग ते एका दिवसात होवो की चार. मे मध्ये बाहेर विसरल्या तर फुटतात, आणि तेवढ्या वेळात अल्कोहोलही वाढतं, म्हणून पोरांना देताना जरा बघून.