गॅरेजवाल्या भावांनो, ईव्हीचं काम शिकायचंय तर असं करा
नागपुरात 2017 मधेच ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्सी फिरल्या, आता गल्लोगल्ली ई-रिक्षा, तरी आपले मिस्त्री अजून कार्बोरेटरमधेच अडकलेत राजेहो.

दहावी पास पोरगा असेल तर आयटीआयचा मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल ट्रेड बघा, 2 वर्षांचा आहे, श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयत जाऊन सीट विचारा. अन ज्याचे हात आधीच काळे झालेत त्यानं दोन वर्षं काऊन घालवायची, त्याच्यासाठी आरपीएल म्हणजे आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट, गाड्यांच्या क्षेत्राचं काम एएसडीसी (ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल) बघते, स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर कोर्स शोधा.

पण कागदाआधी जीव. 60 व्होल्ट डीसीच्या वर गेलं की धोका सुरू, अन कारमधे तर 300-400 व्होल्ट असतात. गाडी बंद करून 1000 व्होल्टचे रबरी ग्लोव्हज घाला, आधी सर्व्हिस प्लग म्हणजे बॅटरीचं हाय व्होल्टेज सर्किट तोडणारा प्लग काढा, मग कंपनीनं सांगितली तितकी मिनिटं थांबा कारण कपॅसिटरमधे चार्ज उरतो, मग ग्लोव्हज घालूनच मीटर लावा अन शून्य दिसल्यावरच पाना धरा, अंगठी-कडं आधीच काढून ठेवा. ग्लोव्हज रोज हवा भरून तपासा, बारीक भोक असलं तरी फेका.

क्लास निवडताना एकच विचारा, बॅटरी पॅक खोलून दाखवता का? नुसते स्लाईड दाखवत असतील तर पैसे वाचवा.